आलेखातला हरवलेला उंचवटा

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने रोगांविषयी कशाला लिहावे, असे तुमच्या मनात आले असेल. पण आज ज्या रोगाची हकीगत सांगणार आहे, तो प्रथम ओळखला गेला तो नाडीपरीक्षेने नव्हे की सूक्ष्मदर्शकानेही नव्हे. तो सापडला विद्युत् क्षेत्रात. तेव्हा त्यावर आमचाही थोडा हक्क आहे, असे मी धरून चालतो.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात डॉ. ऑग्डेन ब्रूटन हे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे एक मुलगा वरचेवर दाखल होई. न्युमोकोकस नावाचे जंतू त्याच्या रक्तात पसरत, तो तापाने फणफणे, पेनिसिलिन दिले की बरा होई आणि काही दिवसांनी पुन्हा तीच गत. चार वर्षांत असे एकोणीस वेळा झाले! सहसा एकदाच होणारे गालगुंडसुद्धा त्याला एकाहून अधिक वेळा झाले. ब्रूटन यांनी त्याला त्याच जंतूंपासून केलेली लस टोचून पाहिली. निरोगी मुलाच्या रक्तात अशा लसीनंतर जंतूंशी लढणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होतात. या मुलाच्या रक्तात ती दिसेनात.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. हा रोग काही त्या वर्षी नव्याने जन्माला आला नव्हता. पण पेनिसिलिन येण्यापूर्वी अशी मुले पहिल्या दुसऱ्या आजारातच दगावत आणि मृत्यूचे कारण म्हणून ‘न्यूमोनिया’ लिहिले जाई. औषधाने मुले वाचू लागली, तेव्हाच ‘हा पुन्हा पुन्हा का आजारी पडतो?’ हा प्रश्न विचारता येऊ लागला.

आता विजेकडे वळू. रक्त गोठू दिले की वर जो पिवळसर द्रव राहतो, त्यात अनेक प्रथिने विरघळलेली असतात. किंचित अल्कधर्मी द्रावणात या प्रथिनांवर ऋण विद्युत् भार येतो. अशा द्रावणात भिजवलेल्या कागदाच्या पट्टीवर त्या द्रवाचा थेंब ठेवून पट्टीच्या दोन टोकांना विद्युत् दाब लावला, तर प्रथिने धन टोकाकडे सरकू लागतील. ज्याच्यावर भार अधिक आणि ज्याला विरोध कमी, ते पुढे जाईल; दुसरे मागे रेंगाळेल. काही तासांनी पट्टी रंगवली, की वेगवेगळे पट्टे दिसतात आणि त्यांच्या गडदपणाचा आलेख काढला, की उंचवटे मिळतात. सर्वांत पुढे अल्ब्युमिनचे उंच शिखर, मग अल्फा व बीटा यांच्या टेकड्या आणि सर्वांत मागे गॅमाचा पसरट उंचवटा. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. स्वीडनचे आर्ने टिसेलिअस यांनी ती १९३७ च्या सुमारास नावारूपाला आणली (त्यांचे उपकरण कागदाच्या पट्टीचे नव्हते, काचेच्या नळीचे होते) आणि १९४८ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गॅमा उंचवट्यात काय दडले आहे, हेही टिसेलिअस व कॅबट यांनी १९३९ मध्ये दाखवले होते. अंड्यातले प्रथिन टोचलेल्या सशाच्या रक्तद्रवाचा आलेख त्यांनी काढला. मग तेच प्रथिन द्रवात मिसळून सगळी प्रतिपिंडे साका करून काढून टाकली आणि पुन्हा आलेख काढला. गॅमा उंचवटा खुजा झाला होता. म्हणजे प्रतिपिंडे तेथेच होती! इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग वर्गात सांगताना मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

ब्रूटन यांच्या रुग्णाच्या आलेखात बाकीची शिखरे जागच्या जागी होती. गॅमाच्या जागी मात्र सपाट रेषा होती. निदान झाले. उपायही मग उघडच होता: जे नाही, ते बाहेरून द्यायचे. दात्यांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन वेगळे करण्याची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालीच होती. ब्रूटन यांनी महिन्यातून एकदा त्याची टोचणी कातडीखाली देण्यास सुरुवात केली आणि ते तापाचे हल्ले थांबले. १९५२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता.

महिन्यातून एकदाच का? येथे तुमचे किरणोत्सर्गाचे गणित कामास येते. मुख्य प्रतिपिंडाचे शरीरातील अर्धायुष्य साधारण तीन आठवडे असते. चार आठवड्यांनी दिलेल्यापैकी सुमारे चाळीस टक्के उरते, तेव्हा पुन्हा भर घालावी लागते. याच गणिताने आणखी एक कोडे सुटते. अशी बहुतेक मुले जन्मतः धडधाकट असतात आणि सहा महिन्यांनंतर आजारी पडू लागतात. जन्मापूर्वी आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे आलेली असतात. चोवीस आठवड्यांत आठ अर्धायुष्ये उलटतात, म्हणजे उरतो केवळ २५६ वा भाग. आईची पुंजी संपते आणि बाळाची स्वतःची कमाई सुरूच झालेली नसते.

ती का होत नाही, हे १९९३ मध्ये कळले. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशी अस्थिमज्जेत वाढतात. त्यांच्या वाढीला लागणाऱ्या एका एंझाइमचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि या मुलांत ते बिघडलेले असते. मुलींना दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडले तरी दुसऱ्यावर भागते. मुलाला एकच, आणि तेही आईकडून. आई वाहक असेल, तर प्रत्येक मुलग्याला हा रोग होण्याची शक्यता निम्मी. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवले जाते. पहिला मुलगा आजारी निघाला म्हणून दुसरा सुटला, असे नव्हे.

आणि हे ऐकून ‘म्हणजे दोष आईचा’ असे कोणी म्हणेल, तर त्याला तेथेच अडवा. आपल्याकडे हे बोल फार लवकर लावले जातात. कोणते गुणसूत्र द्यावे हे कोणाच्या हाती नसते. शिवाय कित्येकदा जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, घराण्यात मागे कोणालाच हा रोग नसतो.

आज निदान अधिक नेमके झाले आहे. रक्तातील पेशींना चमकणारी खूण चिकटवून त्या एकामागून एक लेसर किरणापुढून नेतात आणि कोणत्या किती, हे यंत्र मोजते. निरोगी मुलाच्या शंभर लसीका पेशींत साधारण दहा-वीस बी-पेशी असतात. या रोगात दोनही नसतात. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा तपासण्या होतात. पण तेथवर पोचण्याआधी कोणाला तरी शंका यावी लागते. वर्षात दोनदा न्यूमोनिया, सारखे फुटणारे कान, ही खूण. दुसरी खूण तर साध्या बॅटरीच्या उजेडात दिसते. टॉन्सिल्स मुख्यतः बी-पेशींनी भरलेले असतात, म्हणून या मुलांच्या घशात ते जवळजवळ नसतातच. सारखा घसा धरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल्स सुजलेले असावेत अशी आपली अपेक्षा; येथे जागा रिकामी!

शंका लवकर येण्याला मोल आहे. वारंवार होणारा न्यूमोनिया फुप्फुसावर व्रण ठेवून जाऊ शकतो आणि गेलेले फुप्फुस टोचणीने परत येत नाही. तसेच तोंडाने पाजायची पोलिओची लस जिवंत विषाणूंची असते. तिच्यामुळेच अशा मुलाला पोलिओ होण्याचा धोका असतो, म्हणून ती त्याला देत नाहीत.

उपचार मात्र मुळात ब्रूटन यांचाच राहिला आहे. १९८० नंतर शिरेतून देण्याजोगे ग्लोब्युलिन आले, एवढाच मोठा फरक. एकेका साठ्यात हजारांहून अधिक दात्यांचा रक्तद्रव मिसळलेला असतो, कारण एकाच्या अंगात घटसर्पाविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतील तर दुसऱ्याच्या गोवराविरुद्धची. ते महाग आहे, जन्मभर घ्यावे लागते आणि नाका-घशाच्या अस्तरावर पहारा देणारे प्रतिपिंड त्यातून मिळत नाही. म्हणून सर्दी-खोकला पूर्णपणे टळत नाही. पण टोचणी वेळेवर मिळणारा मुलगा शाळेत जातो, मैदानावर खेळतो, परीक्षेला बसतो. दर तीन-चार आठवड्यांनी एक दिवस त्याची गैरहजेरी लागते, तेवढी हजेरीपटावर दिसते.