पुस्तकातला काळा चौकोन

परवा पुतणी बालभारतीचे पुस्तक घेऊन आली आणि पानावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "काका, तुमच्या वेळी हे होतं?"

"आमच्या वेळी त्या जागी शाईचा डाग असे," मी म्हणालो.

तिने आईचा फोन त्या चौकोनावर धरला, आणि काय आश्चर्य, धडा बोलू लागला! बालभारती आमच्या पुण्याचीच, १९६७ सालची. पण क्यूआर कोड नावाच्या या चौकोनाची वाट सोलापूर जिल्ह्यातून येते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, एका बाजूस गुरांचा गोठा. मुलांच्या घरची भाषा कन्नड, पुस्तके वेगळ्याच भाषेत. डिसले गुरुजी आधी कन्नड शिकले. मग पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी नव्याने रचली आणि कविता, गोष्टी, धडे या चौकोनांत भरले. २०१७ च्या सुमारास राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे चौकोन आले. २०२० च्या डिसेंबरात गुरुजींना दहा लाख डॉलरचे 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटण्याचे जाहीर केले. (आमच्या पेठेत यावर दोन दिवस चर्चा झाली. सूर असा, की निम्मी जरा जास्तच झाली!)

मला मात्र त्या कन्नडचे अप्रूप वाटते. कारण त्याच वर्षी टाळेबंदीत मी अगदी उलटे केले होते. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्राशी माझे नाते पंख्याच्या बटणापुरते. वर्ग फोनवर भरू लागला तेव्हा पहिल्याच दिवशी पाऊण तास तुकोबांवर रंगून बोललो. चहा ठेवायला आलेल्या सौभाग्यवतींनी सांगितले, माइक बंद आहे. एकाही विद्यार्थ्याने तक्रार केली नव्हती, हे अधिक लागले.

समोर कोण आहे, हे विचारण्याची बुद्धी मला महिनाभराने झाली. प्रथम वर्षातली एक मुलगी हजेरीत कधीच नसे. एका संध्याकाळी फोन केला. वडील रखवालदार, घरात फोन एकच, तो सकाळी त्यांच्याबरोबर कामावर जाई. "सर, नाव काढून घेते. पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. मुलीच्या बाबतीत पुढचे वर्ष म्हणजे काय, ते आम्हां शिक्षकांना ठाऊक असते.

त्या दिवसापासून मी रोजचे व्याख्यान फोनवर ध्वनिमुद्रित करून संध्याकाळी पाठवू लागलो. वडील जेवून झोपले की ती ऐके. नाही कळले तर पुन्हा ऐके. वर्गात ही सोय नाही. तिथे सरांना 'पुन्हा सांगा' म्हणायला धीर लागतो.

पंधरवड्याने रात्री साडेदहाला तिचा निरोप आला : "सर, या शब्दाचा अर्थ मंगळवारी तुम्ही वेगळा सांगितला होता."

वीस वर्षे शिकवतो आहे. असे कोणी बोलले नव्हते. मी मुकाट्याने मंगळवारचे व्याख्यान लावून ऐकले.

सांगितला होता.