लॅपटॉप घेण्यापूर्वी

बारावीनंतर संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला की घरात एक चर्चा हमखास सुरू होते. लॅपटॉप कोणता घ्यायचा? मामा एक सांगतात, शेजारचा दादा दुसरे सांगतो आणि दुकानदार तिसरेच दाखवतो. वडिलांनी मात्र त्यासाठी बँकेतली ठेव मोडलेली असते, तेव्हा चूक परवडणारी नसते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांवर ही वेळ लवकरच येईल. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू.

प्रोसेसरचे काम ठोक्यांवर चालते. जाहिरातीत '३ गिगाहर्ट्‌झ' असे छापलेले असते. त्याचा अर्थ सेकंदाला ३०० कोटी ठोके. एका ठोक्याचा अवधी इतका लहान, की तेवढ्यात प्रकाशदेखील जेमतेम १० सेंटिमीटर पुढे सरकतो! असा चपळ कामगार मिळूनही यंत्र कधी कधी रखडते. असे का व्हावे? कारण कामगार चपळ असला तरी त्याला सामान वेळेवर मिळत नाही.

हे नीट समजावे म्हणून आपण एक ठोका म्हणजे एक सेकंद असे मानू. प्रोसेसरला हवी असलेली माहिती त्याच्या जवळच्या छोट्या साठ्यात नसेल, तर ती मुख्य स्मृतीतून, म्हणजे रॅममधून, आणावी लागते. त्याला सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे ३०० ठोके लागतात. आपल्या मापाने पाच मिनिटे झाली. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साखर आणण्याइतकीच! माहिती रॅममध्येही नसेल तर कायमच्या साठ्याकडे जावे लागते. हा साठा एसएसडी जातीचा असेल तर सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. आपल्या मापाने हे झाले साडेतीन दिवस. आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर? तिची चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचकाग्राखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. वाचकाग्र सरकण्याचा वेळ त्यात मिळवून एकूण १० मिलिसेकंद धरा. ठोके झाले ३ कोटी. म्हणजे साखर आणायला गेलेला माणूस जवळजवळ एका वर्षाने परतला!

आता रॅमचे महत्त्व लक्षात येईल. ती भरली की संगणक तिच्यातील काही माहिती साठ्यावर हलवतो आणि लागली की परत आणतो. पाच मिनिटांचे काम दिवसांवर जाते ते येथे. प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन, ब्राउझरची दहा-बारा पाने आणि संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, हे सारे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एकाच वेळी लागते. ८ जीबी रॅममध्ये निभते, १६ मध्ये सुखाने होते. शिवाय एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारा: 'रॅम पुढे वाढवता येईल का?' पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती मूळ पट्टीवरच डाखलेली असते, म्हणजे पहिल्या दिवशी घेतली तेवढीच शेवटपर्यंत.

प्रोसेसरच्या नावातील आकड्यांचा मुलांना फार मोह. परंतु नव्या पिढीचा 'आय ५' हा जुन्या 'आय ७'ला मागे टाकू शकतो. इंटेलच्या नावाशेवटी येणारे अक्षर अधिक बोलके आहे. 'यू' असेल तर प्रोसेसर साधारण १५ वॉटचा, 'एच' असेल तर ४५ वॉटचा. ४५ वॉट उष्णता पातळ पेटीतून बाहेर पडली नाही, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ठोके मंद करतो. मग महागड्या वेगाचे पैसे फुकट!

बॅटरीचा हिशेब तुम्हाला नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रावरून करता येईल. ११.४ व्होल्ट आणि ४,४०० मिलिॲम्पिअर-तास यांचा गुणाकार केला की सुमारे ५० वॉट-तास येतात. यंत्र सरासरी १० वॉट खात असेल तर पाच तास चालेल, २५ वॉट खात असेल तर दोनच. गावी वीज गेली असताना किंवा एस.टी.च्या प्रवासात हा फरक चांगलाच कळतो. वजनाचेही तसेच. दीड किलो रोज पाठीवर नेता येते, अडीच किलोचे ओझे दुसऱ्या महिन्यापासून खोलीवरच राहते.

खेळांसाठीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड पहिल्या वर्षी लागत नाही. १९७१ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली ज्या पीडीपी-११ यंत्रावर चालवली, त्याची स्मृती अवघी २४ किलोबाइट होती. १६ जीबी म्हणजे तिच्या सुमारे सात लाख पट. त्यामुळे सी भाषेतील तुमचे पहिले प्रोग्रॅम कोणत्याही यंत्रावर धावतील. ताईचा जुना लॅपटॉप घरात पडून असेल आणि त्यात फिरती डिस्क असेल, तर आधी तिच्या जागी एसएसडी बसवून पाहा. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, पण अशा यंत्रावर लिनक्स विनामूल्य घालता येते. नवीन यंत्राचा खर्च कदाचित दोन वर्षे पुढे जाईल.

जाता जाता एक गंमत. '५१२ जीबी'चा साठा घेऊन घरी आलात आणि पडद्यावर ४७६ च दिसले, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कारखानदार १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, विंडोज मात्र २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ धरते. भागाकार करून पाहा.