लग्नाची गोष्ट सांगते कोण?

१२ जून १९४६. रत्नागिरीत एक लग्न लागलं. मांडव नाही, सनई नाही, पंगत नाही. लग्न नोंदणी पद्धतीचं आणि खर्च आठ आणे, तोही अर्जाच्या कागदाचा. नवरी सुनीता ठाकूर, नवरा पु. ल. देशपांडे. लग्न नावाच्या बंधनाची नवरीला स्वतःला फारशी गरज वाटत नव्हती. आग्रह नवऱ्याचा होता.

महाराष्ट्राला खदखदून हसवणाऱ्या माणसाच्या लग्नाची ही गोष्ट लोकांच्या मनात बसली ती मात्र सुनीताबाईंमुळे. १९९० साली 'आहे मनोहर तरी' आलं आणि आठ आण्यांचं ते लग्न मराठी घराघरांत पोचलं. नवऱ्याच्या हातात पट्टीच्या विनोदकाराची लेखणी. पण गोष्ट सांगितली बायकोने.

हे काही एकट्या देशपांड्यांच्या घरचं नाही. मराठीत लग्नाच्या दिवसाच्या ज्या आठवणी टिकल्या, त्यांतल्या उत्तम आठवणी बायकांनी लिहिलेल्या आहेत.

त्यात पहिला मान रमाबाई रानड्यांचा. १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा कैवार घेणारा आपला मुलगा आता विधवेशीच लग्न करील, ही वडिलांना धास्ती. त्यांनी घाईघाईने अकरा वर्षांची कुर्लेकरांची यमुना, म्हणजे पुढच्या रमाबाई, पसंत केली. रानडे तेव्हा एकतिशीत. वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही, आणि सुधारक म्हणवणाऱ्यांनी त्यांना त्याबद्दल पुढे बोल लावला तो लावलाच. लग्न लावून घरी आल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत, खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. ही नोंद त्या नवरीनेच 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात केली आहे. पुस्तक १९१० सालचं, रानड्यांच्या निधनानंतरचं, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. लग्नाच्या दिवशी नवरा खिन्न होता हे स्वतः लिहायचं, तेही त्याच्याबद्दल कडवटपणाचा एक शब्द न काढता, याला धीर लागतो.

पण रमाबाईंनी जपलेली आठवण त्याच्या पुढची आहे. सासरी आल्यावर रानड्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, तुझं लग्न माझ्याशी झालं, मी कोण आणि माझं नाव काय हे तुला ठाऊक आहे का? उखाण्याच्या आडोशाशिवाय नवऱ्याचं नाव न घेण्याचा तो काळ. पोरीने ऐकलेलं नाव सांगून टाकलं. मग लिहिता-वाचता येतं का, ही चौकशी. येत नव्हतं. त्याच रात्री पाटी-पेन्सिल आली आणि 'श्रीगणेशाय नमः' ही सात अक्षरं गिरवायला सुरुवात झाली. ती यायला दोन तास लागले. पेन्सिल तिने त्याआधी हातात धरलेली नव्हती. पुढे पुण्याचं सेवासदन उभारणाऱ्या बाईच्या शिक्षणाचा हा आरंभ.

त्याच १८७३ साली, त्याच पुण्यात, २५ डिसेंबरला आणखी एक लग्न लागलं. सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचं, भटजींशिवाय, सत्यशोधक पद्धतीने. सत्यशोधक समाज स्थापन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. जोतीराव फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूही बोलते, स्त्रियांचे हक्क मागते. राधाला त्या दिवशी काय वाटलं, हे मात्र तिच्या शब्दांत आपल्यापाशी नाही.

बाबासाहेब आणि रमाबाई आंबेडकरांचं तसंच. हे लग्न भायखळ्याच्या बाजारात लागलं, बाजार उठल्यावर. एका कोपऱ्यात वरपक्ष, दुसऱ्यात वधूपक्ष, बसायला मासळीवाल्यांचे दगडी ओटे, पायाखाली गटाराचं पाणी. हे चित्र आपल्यापर्यंत आलं ते चरित्रकार धनंजय कीर यांच्याकडून. रमाईंनी, म्हणजे या रमाबाईंनी, स्वतःचं काही लिहून ठेवलं नाही. बाजाराचं वर्णन उरलं, नवरीची आठवण राहून गेली.

दोघांनीही लिहिलं असं जोडपं विरळा. धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी लग्नानंतर आनंदीबाई, म्हणजेच बाया, झाली. लग्नाची किंमत कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, वसूल केली: गावाने वाळीत टाकलं आणि स्वतःच्या आईच्या घरी राहायची चोरी झाली. अण्णांचं, म्हणजे कर्व्यांचं, 'आत्मवृत्त' १९१५ सालचं, बायांचं 'माझे पुराण' १९४४ सालचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. अण्णांचा सूर संथ आणि तोलून मापून. बाया रोखठोक, घरातल्या बाईच्या बोलीत. एकाच संसाराच्या या दोन बाजू आहेत.

आठवणी अशा दुहेरी असतात त्याचं एक साधं कारण मांडवातच सापडतं. मुहूर्ताच्या आधी नवरी असते गौरीहरापाशी, आत. नवरा बाहेर पाहुण्यांत. पूर्वी जोशीबुवा पाण्यात घटिकापात्र सोडायचे. तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढं छिद्र. ती भरून बुडायला एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. साऱ्यांचे डोळे त्या वाटीवर. नवरीला मात्र वाटी दिसत नसे, नुसता गलका ऐकू येई. अंतरपाट दूर होईपर्यंत दोघांचा दिवस निराळाच गेलेला असतो. पुढे कानपिळीत मेव्हण्याने कान किती जोरात पिळला हे नवऱ्याला ठाऊक, आणि निघताना आईचा हात कसा सुटला हे नवरीला.

फोटोही यात फार मदत करत नाहीत. जुन्या काळ्या पानांच्या अल्बममधले सगळेजण श्वास रोखून उभे. नंतरच्या व्हीएचएस कॅसेटवर चित्रपटगीतं चढवल्यामुळे मांडवातला एक आवाज धड ऐकू येत नाही. हल्लीच्या ड्रोनला मांडवाचं छप्पर तेवढं छान दिसतं.

तेव्हा यंदा फराळाला आजी-आजोबांकडे गेलात, तर लग्नाचं विचारा. पण दोघांना वेगवेगळं गाठा. शेजारी बसवलंत की आजोबा सांगू लागतात, आजी दुरुस्त्या करते आणि दोन्ही गोष्टी अर्ध्या राहतात. फोन टेबलावर ठेवून बोलणं सरळ ध्वनिमुद्रित करा. अल्बममधल्या माणसांची नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून घ्या, बॉलपेनने नको, अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात. माळ्यावर व्हीएचएस असेल तर ती लवकर उतरवून घ्या. दमट हवेत त्या फितीला बुरशी धरते.