इंग्लंडची गावचर्चेस – भाग ५ : तुळईवरचे देवदूत

मागच्या भागात आपण गावच्या चर्चची ढोबळ मांडणी पाहिली. पश्चिमेला मनोरा, मधे लोकांनी बसायची नेव्ह, पूर्वेला वेदी असलेलं चान्सेल. आज एकाच चर्चमध्ये थांबू आणि मान वर करून छत बघू.

सफोक परगण्यातलं ब्लाइथबरा हे अगदी लहानसं गाव. ब्लाइथ नदीकाठच्या दलदलीवर उभं असलेलं तिथलं होली ट्रिनिटी चर्च मात्र एवढं मोठं, की लोक त्याला ‘दलदलीचं कॅथीड्रल’ म्हणतात. पंधराव्या शतकात ते बांधलं तेव्हा गावाला बंदर होतं, हातात पैसा होता. पुढे नदी गाळानं भरली, व्यापार गेला, चर्च मागे उरलं. भिंती चकमकीच्या दगडाच्या, कारण या भागात बांधकामाचा चांगला दगड निघत नाही. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो उजेड. नेव्हच्या दोन्ही अंगांना, खांबांच्या वर, अठरा-अठरा खिडक्यांची ओळ आहे. भिंत कमी, काच जास्त आणि सगळ्या रेषा उभ्या, अशी ही परपेंडिक्युलर शैली. इंग्रज गवंड्यांनी युरोपातल्या गॉथिकला दिलेलं हे त्यांचं स्वतःचं वळण.

त्या उजेडात छत न्हाऊन निघतं. नेव्हपासून चान्सेलपर्यंत ते सलग आहे, मधे खंड नाही. तुळयांच्या मध्यावर लाकडी देवदूत आहेत. जोडीनं, पाठीला पाठ लावून, एक पूर्वेकडे बघणारा तर दुसरा पश्चिमेकडे. हातात ढाली, पंख पसरलेले. तुळया-वाशांवरची लाल-हिरवी फुलांची नक्षी फिकी झाली आहे, पण दिसते.

या देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले. त्याचं खापर कित्येक वर्षं विल्यम डाउझिंगच्या माणसांवर फुटत होतं. इंग्लंडच्या यादवी युद्धात पार्लमेंटनं चर्चमधली ‘अंधश्रद्धेची’ चित्रं आणि मूर्ती काढून टाकायचा हुकूम काढला, आणि पूर्वेकडच्या परगण्यांत तो बजावायचं काम डाउझिंगकडे आलं. ९ एप्रिल १६४४ रोजी तो ब्लाइथबऱ्यात होता. आपल्या रोजनिशीत त्यानं मोडलेल्या आणि मोडायला सांगितलेल्या वस्तूंची नोंद ठेवली आहे, आणि त्यात वीस देवदूत उतरवण्याची आज्ञाही आहे. बंदुकीचा उल्लेख मात्र नाही.

छर्रे तपासले तेव्हा ते अठराव्या शतकातले निघाले. उत्तर चर्चच्या जमाखर्चात होतं : छतात घरटी करणारे जॅकडॉ, म्हणजे कावळ्याच्या जातीतले छोटे पक्षी, मारण्यासाठी दारू आणि छर्ऱ्यांवर केलेला खर्च. डाउझिंगनं नुकसान पुष्कळ केलं, पण हे त्याचं नव्हे. मला ही जमाखर्चाची ओळ दंतकथेपेक्षा मोलाची वाटते. चर्चचा खरा इतिहास अशा किरकोळ खर्चांतूनच हाती लागतो.

दंतकथा इथे आणखी एक आहे. ४ ऑगस्ट १५७७ रोजी प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झालं. मनोऱ्याचा कळस कोसळला, एक माणूस आणि एक मुलगा दगावला. लोकांनी ते काळ्या सैतानी कुत्र्याचं कृत्य ठरवलं. उत्तरेच्या दारावरचे जळके डाग त्याच्याच पंजांचे म्हणून आजही दाखवतात. कळस पुन्हा उभारला नाही, म्हणून आजचा मनोरा असा बोडका दिसतो.

बाकांच्या कडेच्या लाकडी मूर्तीही चुकवू नका. तिथे माणसाची पापं कोरली आहेत. आळस चक्क अंथरुणात आहे, खादाडपणा पोट धरून बसलाय. प्रवचन कंटाळवाणं झालं, तरी शेजारी धडा होताच!

एकोणिसाव्या शतकापर्यंत छत इतकं खचलं, की १८८१ साली चर्च धोकादायक म्हणून बंद करावं लागलं. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या जुन्या वास्तूंच्या रक्षण संस्थेनं इथे लक्ष घातलं. जुनं काढून नवं चकचकीत बसवू नका, आहे ते सावरा, हा तिचा आग्रह. देवदूतांवरचा तो फिका रंग आज बघायला मिळतो, तेव्हा या आग्रहाची आठवण ठेवायला हवी.

इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांनी इप्सविचहून लोवेस्टॉफ्टकडे जाणाऱ्या गाडीनं हेल्सवर्थला उतरावं. तिथून ब्लाइथबरा काही मैलांवर आहे. जाताना दुर्बीण मात्र बरोबर घ्या, देवदूत फार उंचावर आहेत.