विश्लेषण : सहा दिवसांत फसलेल्या उठावाने आयर्लंडला स्वातंत्र्य कसे मिळवून दिले? आणि फाळणी का टळली नाही?

एप्रिल १९१६ चा शेवटचा आठवडा. बेळगावात प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना होत होती. ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडमधून आलेला. नेमक्या त्याच आठवड्यात आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनमध्ये, बंदुका धडाडत होत्या. होमरूल नको, पूर्ण स्वातंत्र्य हवे, असे म्हणणाऱ्या मूठभर लोकांनी शहराचे मुख्य टपाल कार्यालय ताब्यात घेऊन प्रजासत्ताकाची घोषणा केली होती. हा उठाव सहा दिवसांत चिरडला गेला. पण त्यानंतर सहा वर्षांच्या आत ब्रिटनला आयर्लंडच्या ३२ पैकी २६ काउंटींवरचा (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) ताबा सोडावा लागला. उरलेल्या सहा काउंटी मात्र आजही ब्रिटनमध्येच आहेत. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ब्रिटिश राजवटीविरुद्ध रोष कशामुळे?

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटिश सत्तेने आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून आणलेले प्रोटेस्टंट लोक वसवले. स्थानिक कॅथलिकांच्या जमिनी गेल्या. पुढे कायदे करून त्यांच्या राजकीय हक्कांवरही बंधने घालण्यात आली. १ जानेवारी १८०१ पासून डब्लिनची संसदही बरखास्त झाली आणि आयर्लंडचा कारभार थेट लंडनमधून सुरू झाला.

रोषाला सर्वात खोल धार आणली ती १८४५ नंतरच्या दुष्काळाने. गरीब कुळांचे पोट बटाट्यावर अवलंबून होते, कारण शेतातले धान्य विकून जमीनदाराचा खंड भरावा लागे. बटाट्यावर रोग पडला आणि खायला काहीच उरले नाही. सुमारे दहा लाख लोक भूक आणि साथींनी मेले, तर आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेले. या काळातही आयर्लंडमधून धान्य आणि गुरांची निर्यात सुरू होती, ही गोष्ट आयरिश लोक कधीच विसरले नाहीत. १८४१ मध्ये या बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. आजही तो आकडा पुन्हा गाठला गेलेला नाही.

होमरूल म्हणजे काय आणि ते का रखडले?

ब्रिटिश साम्राज्यात राहूनच, अंतर्गत कारभारासाठी डब्लिनमध्ये स्वतःची संसद असावी, एवढीच होमरूलची मागणी होती. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल हे या चळवळीचे मोठे नेते. ते स्वतः प्रोटेस्टंट होते, हे मुद्दाम सांगायला हवे. आयरिश राष्ट्रवाद म्हणजे केवळ कॅथलिकांची चळवळ, हे समीकरण पूर्णपणे खरे नाही.

पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८८६ मध्ये आणलेले पहिले विधेयक कनिष्ठ सभागृहातच पडले. १८९३ मध्ये दुसरे विधेयक वरिष्ठ सभागृहाने अडवले. तिसरे १९१२ मध्ये आले आणि अल्स्टर पेटले. तेथील प्रोटेस्टंटांना डब्लिनच्या कॅथलिकबहुल संसदेच्या हाताखाली जायचे नव्हते. स्त्री-पुरुष मिळून साडेचार लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या आणि १९१३ मध्ये सशस्त्र दलही उभे केले. त्याला उत्तर म्हणून राष्ट्रवाद्यांनी ‘आयरिश व्हॉलंटिअर्स’ हे दल स्थापन केले. सप्टेंबर १९१४ मध्ये कायदा मंजूर झाला खरा, पण पहिले महायुद्ध सुरू झाल्याने त्याच दिवशी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली.

होमरूलवाद्यांचे नेते जॉन रेडमंड यांनी तरुणांना ब्रिटनच्या बाजूने लढण्याचे आवाहन केले. युद्धात साथ दिली की स्वराज्य मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. तो पुढे पार चुकला.

ईस्टरच्या सोमवारी काय घडले?

एका गुप्त क्रांतिकारी संघटनेने मात्र ब्रिटन युद्धात अडकलेले असतानाच उठाव करण्याचे ठरवले होते. सुरुवातच बिघडली. जर्मनीहून शस्त्रे घेऊन येणारे जहाज ब्रिटिश नौदलाच्या तावडीत सापडले आणि त्याच्या कप्तानाने ते बुडवले. व्हॉलंटिअर्सचे प्रमुख ओइन मॅकनील यांनी रविवारच्या हालचाली रद्द केल्याची सूचना वृत्तपत्रात छापून आणली. तरीही दुसऱ्या दिवशी, २४ एप्रिलला, सुमारे १२०० जण रस्त्यावर उतरले. टपाल कार्यालयासमोर पॅट्रिक पिअर्स यांनी जाहीरनामा वाचला. त्यावर सात जणांची नावे होती.

ब्रिटनने तोफा आणल्या, नदीतून युद्धनौकेने मारा केला. शहराचा मध्यभाग बेचिराख झाला आणि २९ एप्रिलला पिअर्स यांनी शरणागती पत्करली. साडेचारशेहून अधिक लोक मारले गेले. त्यातले निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. बंडखोरांना पकडून नेत असताना रस्त्यावरचे अनेक डब्लिनकर त्यांना शिव्या घालत होते. कित्येक घरांतली मुले फ्रान्समध्ये ब्रिटिश गणवेशात लढत होती, त्या घरांना हे बंड म्हणजे पाठीत खुपसलेला सुरा वाटला.

मग जनमत फिरले कशामुळे?

बंदुकीने नव्हे, तर शिक्षेने. लष्करी कायदा लागू झाला आणि जनरल मॅक्सवेल यांनी बंद दाराआड, बचावाच्या वकिलाशिवाय खटले चालवले. ३ ते १२ मे या काळात १५ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. जाहीरनाम्यावरील सातही जण त्यात होते. एकदाच मोठी कारवाई होऊन विषय संपला असता तर कदाचित वेगळे घडले असते. पण आज दोघे, उद्या चौघे, अशा बातम्या दहा दिवस येत राहिल्या. जोसेफ प्लंकेट यांचे तुरुंगाच्या प्रार्थनागृहात लग्न लागले आणि काही तासांत त्यांना मारण्यात आले. जखमी जेम्स कॉनली यांना उभेही राहता येत नव्हते, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवून गोळ्या घातल्या गेल्या. साडेतीन हजारांच्या आसपास लोकांना अटक झाली. त्यातल्या अनेकांचा उठावाशी काडीचाही संबंध नव्हता.

गमतीचा भाग असा, की ‘शिन फेन’ या पक्षाने हा उठाव केलाच नव्हता. पण सरकारने आणि वृत्तपत्रांनी त्यालाच उठावाचे श्रेय देऊन टाकले. १९१८ मध्ये आयर्लंडमध्ये सक्तीची सैन्यभरती लागू करण्याचा प्रयत्न झाला आणि उरलासुरला संयमही सुटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या निवडणुकीत मतदारसंख्या जवळपास तिप्पट झाली होती. आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा शिन फेनने जिंकल्या. रेडमंड यांच्या पक्षाला उरल्या फक्त सहा.

स्वातंत्र्य कसे मिळाले?

निवडून आलेले शिन फेनचे खासदार लंडनला गेलेच नाहीत. २१ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी डब्लिनमध्ये ‘डॉल’ ही स्वतःची संसद भरवली. त्याच दिवशी टिपरेरी काउंटीत झालेल्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले आणि गनिमी युद्धाला तोंड फुटले. मायकेल कॉलिन्स यांनी ब्रिटिशांचे हेरजाळे मोडून काढले. ब्रिटनने ‘ब्लॅक अँड टॅन्स’ ही कुप्रसिद्ध जादा कुमक पाठवली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी ब्रिटिश गुप्तचरांना घरांत घुसून मारले. दुपारी ब्रिटिश दलांनी क्रोक पार्क मैदानावरील फुटबॉल सामन्यात गोळीबार करून १४ जणांचा बळी घेतला.

याचे पडसाद भारतातही उमटले होते. जून १९२० मध्ये जालंधर आणि सोलन येथे तैनात असलेल्या कॉनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतील सैनिकांनी मायदेशातील अत्याचारांच्या निषेधार्थ शस्त्रे खाली ठेवली. त्यांच्यापैकी जेम्स डॅली या सैनिकाला नोव्हेंबरमध्ये हिमाचलातील दगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या.

जुलै १९२१ मध्ये युद्धविराम झाला आणि ६ डिसेंबरला करार. आयर्लंडला कॅनडासारखा वसाहतीचा स्वायत्त दर्जा मिळाला, पण लोकप्रतिनिधींना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. डॉलमध्ये हा करार ६४ विरुद्ध ५७ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला. ज्यांनी खांद्याला खांदा लावून ब्रिटिशांशी लढा दिला, तेच आता एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. यादवी युद्धात कॉलिन्स ३१ व्या वर्षी मारले गेले. नव्या आयरिश सरकारने आपल्याच सत्तरहून अधिक जुन्या सहकाऱ्यांना मृत्युदंड दिला. १९१६ मध्ये ब्रिटिशांनी दिला होता, त्याच्या कितीतरी पट.

फाळणी का टळली नाही?

करार होण्याआधीच फाळणी झालेली होती. १९२० च्या कायद्यानुसार मे १९२१ मध्ये उत्तर आयर्लंड अस्तित्वात आले. अल्स्टरच्या नऊपैकी सहाच काउंटी त्यात घेतल्या, कारण नऊ घेतल्या असत्या तर प्रोटेस्टंटांचे बहुमत भक्कम राहिले नसते. या सहापैकी फरमॅना आणि टिरोन या दोन काउंटींत कॅथलिक बहुसंख्य होते, तरी त्या उत्तरेतच राहिल्या. सीमा आयोग हा अन्याय दूर करेल, अशी आशा कराराने दाखवली होती. १९२५ मध्ये तो आयोग गुंडाळला गेला आणि सीमा होती तिथेच राहिली.

आश्चर्य म्हणजे डॉलमधील वादाचा मोठा भाग फाळणीवर नव्हे, तर राजाच्या शपथेवर खर्च झाला होता. शपथ पुढे रद्द झाली. १९३७ मध्ये नवी राज्यघटना आली (आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिथूनच घेतलेली). १९४९ मध्ये आयर्लंड अधिकृतपणे प्रजासत्ताक झाले. सीमा मात्र हलली नाही.

आज काय स्थिती आहे?

उत्तरेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तीस वर्षे हिंसाचार चालला. त्यात सुमारे साडेतीन हजार लोक मारले गेले. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर बंदुका बऱ्याच अंशी थंडावल्या. उत्तरेतील बहुसंख्यांची इच्छा असेल तर सार्वमताने आयर्लंडचे एकीकरण होऊ शकते, अशी तरतूद या करारात आहे. ब्रेग्झिटनंतर सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा पुन्हा चर्चेत आली. २०२१ च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक पार्श्वभूमीच्या लोकांचे प्रमाण (४५.७ टक्के) प्रथमच प्रोटेस्टंटांपेक्षा (४३.५ टक्के) जास्त भरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिन फेनच्या मिशेल ओ’नील या उत्तर आयर्लंडच्या पहिल्या राष्ट्रवादी फर्स्ट मिनिस्टर झाल्या.

तरीही आकडे बदलले म्हणून सीमा आपोआप पुसली जाईल, असे नाही. धर्म कॅथलिक असला म्हणजे मत एकीकरणाला, हे गणित तेव्हाही सरळ नव्हते आणि आजही नाही. ‘शिन फेन’ या आयरिश शब्दांचा अर्थ आहे ‘आम्ही स्वतः’. ब्रिटिशांना घालवण्याचा प्रश्न आयर्लंडच्या मोठ्या भागापुरता १९२२ मध्ये सुटला. पण त्या ‘आम्ही’मध्ये बेलफास्टमधला, स्वतःला ब्रिटिश मानणारा शेजारीही येतो का, हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही उत्तराच्या प्रतीक्षेत आहे.