मऊ गोंदाची पकड

अमेरिकेतल्या हेअर सिस्टिमला आपल्याकडच्या सलूनमध्ये हेअर पॅच म्हणतात. चांगल्या सिस्टिमचे केस माणसाचेच असतात आणि पुष्कळदा भारतातून गेलेले असतात. तिरुपतीला भाविकांनी वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो. पुढे चीनमधल्या छिंगदाओ परिसरातल्या कारखान्यांत बारीक आकड्यानं जाळीवर एकेक केस गाठवला जातो, आणि अखेर फिनिक्स किंवा अटलांटातल्या एखाद्या घरी, आरशासमोर, तो टोप टाळूवर चढतो. एवढ्या हातांनी केलेलं काम शेवटी टिकतं ते छोट्या बाटलीतल्या गोंदाच्या जोरावर. त्या गोंदाकडे कुणी फारसं पाहत नाही, म्हणून त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं.

पूर्वी क्लिपा, पिना आणि विणकाम यांवर भागायचं. साय स्पर्लिंग यांनी 1976 मध्ये सुरू केलेल्या ‘हेअर क्लब फॉर मेन’चं नाव झालं ते उरलेल्या केसांत टोप विणून बसवण्यामुळे. पण खालचे केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात आणि वीण सैल पडते. 1990 च्या फ्रेंच ओपनमध्ये अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री टेनिसपटू आंद्रे अगासीचा टोप धुताना सुटू लागला. भावाच्या मदतीनं पिना लावून तो कसाबसा बसवला. दुसऱ्या दिवशी आंद्रेस गोमेझविरुद्ध खेळताना डोक्यावरचं गळून पडेल याचीच धास्ती होती, असं अगासीनं 2009 च्या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं आहे. सामना तो हरला. तरुण माणसानं एवढं ओझं डोक्यावर घेऊन खेळावं, याचं आजही वाईट वाटतं.

कपाळावरच्या केशरेषेशी पिन अडकवायला केसच नसतात. तिथे पातळ जाळी थेट कातडीवर बसवावी लागते. आणि चिकटवायला कातडीइतका अवघड पृष्ठभाग क्वचितच सापडेल. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो सतत झडत राहतो. टाळू आणि कपाळ इथे तैलग्रंथींची दाटी असते. वर घाम येतो, भुवया उंचावल्या की कातडी ताणली जाते. म्हणजे गोंद ज्याला धरून बसायचा, ते स्वतःच हळूहळू निघून जात असतं.

नवखा ग्राहक अशा वेळी सर्वांत जहाल गोंद मागतो. त्याची गफलत इथेच होते. सुपरग्लूसारखा गोंद वाळून काचेसारखा ताठ होतो. कातडी हलली की तडकतो, नाहीतर कातडीलाच ओढतो. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एका बाईंनी नेहमीचा हेअरस्प्रे संपला म्हणून घरात वस्तू चिकटवायचा स्प्रे केसांवर मारला. तो काढायला अखेर लॉस एंजेलिस परिसरातल्या प्लास्टिक सर्जनची मदत घ्यावी लागली.

टोपाचा गोंद मुळात कडक व्हायचाच नसतो. मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीचे शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी 1960 च्या दशकात चिकटपणाची एक कसोटी मांडली. पदार्थाचा ताठपणा सुमारे 3 लाख पास्कलच्या खाली असेल, तरच तो नुसत्या बोटाच्या दाबानं समोरच्या पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये शिरतो. नेहमीचं कडक प्लास्टिक याच्या सुमारे दहा हजार पट ताठ असतं. खाचांत शिरल्यावर रेणूंमधलं अंतर इतकं कमी होतं, की त्यांच्यातलं क्षीण आकर्षणही लाखो ठिकाणी मिळून भक्कम पकड देतं. ब्युटाइल अॅक्रिलेटसारख्या घटकांच्या साखळ्या उणे 50 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाहीत. 32-34 अंशांच्या कातडीवर त्या चांगल्याच लवचिक राहतात. नुसत्या मऊपणानं मात्र गोंद ओघळेल. म्हणून त्यात थोडं अॅक्रिलिक आम्ल आणि साखळ्यांना आपसांत जोडणारे दुवे घालतात. बनवणाऱ्याची सगळी हुशारी हा तोल साधण्यात आहे.

मराठी नाटकवाल्यांना स्पिरिट गम ठाऊक आहे. अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ, तिनं क्रेपच्या दाढी-मिशा चिकटतात. ती वाळून ठिसूळ होते. तीन अंकांना पुरते, तीन आठवड्यांना नाही.

बाजारात मुख्य दोन घराणी आहेत. एक द्रावकातलं: ते लवकर वाळतं, वास उग्र, पेट घेण्याचा धोका. दुसरं पाण्यातलं, म्हणजे फ्लोरिडातल्या ‘प्रोफेशनल हेअर लॅब्ज’च्या घोस्ट बाँडसारखं. यात पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि प्रकाश विखुरतात, म्हणून द्रव पांढरा दिसतो. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळतात आणि थर पारदर्शक होतो. वापरणाऱ्याला हाच रंग घड्याळासारखा उपयोगी पडतो: पांढरेपणा आहे तोवर टोप ठेवायचा नाही. मायामीच्या दमट हवेत हे वाट पाहणं कोरड्या फिनिक्सपेक्षा लांबतं. घाई केली तर पाणी आत कोंडतं आणि कड दोन दिवसांत सुटते.

म्हणून जाणकार आधी टाळूची हजामत करतात, तेल नसलेल्या शाम्पूनं धुतात, अल्कोहोलनं पुसतात आणि मगच ब्रशनं पातळ हात देतात. तीन-चार हात, प्रत्येक वेळी काही मिनिटं थांबून. एकच जाड हात दिला तर वरून साय धरते, आत ओल राहते आणि जाळीच्या भोकांतून गोंद केसांच्या मुळांशी येतो. टोप कपाळाकडून टेकवायचा, कंगव्याच्या पाठीनं दाबायचा. पहिला दिवसभर डोकं भिजवायचं नाही, कारण साखळ्या खाचांत मुरायला वेळ घेतात.

काही गोंदांत नैसर्गिक रबराचं लॅटेक्स असतं आणि त्यानं काहींना तीव्र अॅलर्जी होते. नवी बाटली आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर पाहावी. ही पायरी गाळणाऱ्यांवर मला खरोखर राग येतो.

पुढे तैलग्रंथींचं तेल गोंदात मुरतं आणि तो लिबलिबीत होतो. तेव्हा काढायची वेळ झाली. अशा गोंदाला झटक्यानं ओढलं तर तो जास्त घट्ट धरतो आणि कातडी सोलतो. हळू ओढलं तर त्याच्या साखळ्यांना सरकायला वेळ मिळतो आणि तो सुटतो. कडेनं अल्कोहोल किंवा लिंबूवर्गीय सालींतून निघणाऱ्या लिमोनीनचं द्रावण सोडायचं, थांबायचं, मग उचलायचं. बाटल्यांवर चार-चार, सहा-सहा आठवड्यांचे दावे छापलेले असतात. माझ्या मते ते लक्षात न घेता दर आठ-दहा दिवसांनी टोप उतरवावा, जाळी साफ करावी आणि टाळूला एक रात्र मोकळं ठेवावं.