पिकअपचा टप आणि अडीच बादल्या पाणी



खंडेनवमीला गाडी धुवायची आपल्याकडे रीत आहे. पोळ्याला बैलांची अंघोळ, तशी नवमीला पिकअपची. दारे चकचकीत होतात, काच लख्ख होते, चाकांचा चिखल निघतो, पुढे झेंडूची माळ चढते. आता एवढे करा. शेजारच्या माळवदावर जा आणि तिथून त्याच गाडीकडे खाली पाहा. टपावर काय दिसते? मधोमध मातीचा थर, कावळ्याच्या शिटेचे ओघळ, कडेला अडकलेला लिंबाचा पाला, आणि गेल्या दसऱ्याच्या पाकळ्या, चिकटून काळ्या पडलेल्या.

गाडीचा मालक आळशी आहे असे मुळीच नाही. तिथे हात पोचत नाही, आणि जमिनीवरून नजरही पोचत नाही. पिकअपचा टप माणसाच्या डोक्याच्या बरोबरीला, नाहीतर त्याहून वर असतो. मागे हूड बांधलेला असला तर विचारूच नका. जे दिसत नाही ते धुवायचे राहते, हा घराचाच नियम गाडीलाही लागू आहे. पण गंमत अशी की ऊन, पाऊस आणि धूळ यांचा सगळ्यांत जास्त मार गाडीच्या याच भागाला बसतो. दाराला सकाळचे ऊन लागले तर दुपारी सावली मिळते. टपाला दिवसभर सुटका नाही.

आपल्या जालना जिल्ह्यात पिकअप म्हणजे चैनीची वस्तू नव्हे. अंबड-घनसावंगीकडची मोसंबी, भोकरदनकडची मिरची, मंठा-परतूरकडचा कापूस आणि सोयाबीन, सगळे तिच्यावरच बाजाराला जाते. बहुतेकांच्या गाडीवर कर्ज असते. हप्ते फिटेपर्यंत आणि फिटल्यावरही ती धडधाकट राहिली पाहिजे. आता गाडी गंजायला लागते कुठून? खालून चिखलामुळे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वरूनही लागते, हे पुष्कळांना पत्र्याला भोक पडून केबिनमध्ये पाणी गळायला लागेपर्यंत कळत नाही.

टपाच्या दोन्ही कडांना एक बारीक पन्हाळ असते, घराच्या पत्र्याला असते तशीच. पावसाचे पाणी दारावर न पडता बाजूला जावे म्हणून ती केलेली असते. तिच्यात माती आणि पाला साचला की तिथे ओल धरून राहते. लोखंड, पाणी आणि हवा ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो, हे शाळेत आपण शिकलो. त्यात खताची भर पडली तर तो झपाट्याने वाढतो. पोटॅशची पोती वाहिलेल्या गाडीवर जो पांढरा भुगा उडालेला असतो, तो पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. मिठाच्या बरणीचे लोखंडी झाकण कसे खाऊन जाते ते घरातल्या बायकांना विचारा.

आणखी एक सवय आहे, ती जास्त घातक. ताडपत्री सोडली की घडी करून टपावर टाकायची आणि दोरीने बांधायची. पावसाळ्यात त्या घडीखाली आठ-आठ दिवस ओल राहते. गाडी धक्के खात चालली की खालची माती रंगावर घासत राहते. रंग गेला, पत्रा उघडा पडला, वर ओल आहेच. माझे स्पष्ट मत आहे की टप धुण्याआधी ताडपत्रीची जागा बदलावी. हौद्यात केबिनच्या पाठीशी ती सुखाने राहते.

आता पाण्याकडे वळू. रबरी नळी लावायची, मोटर चालू करायची आणि पाण्याचा फवारा टपावर सोडायचा, ही सर्वांत सोपी रीत. तिचा हिशेब करून पाहू. नळीतून मिनिटाला 15 लिटर पाणी येते असे धरा. आपल्या नळीचे नेमके माप हवे असेल तर बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. 20 मिनिटे गाडी धुतली की 300 लिटर गेले. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज 55 लिटर पाणी मिळावे असे माप धरले आहे. म्हणजे पाच माणसांचे दिवसभराचे पाणी, वर थोडे उरलेच. 2012-13 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. जालना जिल्हा त्या वर्षी फार होरपळला. टँकर येणार म्हणून हंडे-कळशा रांगेत ठेवून माणसे बसून राहत, आणि मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या.

दुसरी गोष्ट, एवढे पाणी लागतच नाही. पिकअपच्या केबिनचा टप फार तर दोन चौरस मीटर भरतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. तेव्हा 10 मिलिमीटरची एक चांगली सर आली तर टपावर 20 लिटर पाणी पडते. आपल्या घरच्या दोन बादल्या! एका सरीएवढ्या पाण्यात टप निघाला पाहिजे. त्यात साबणाची अर्धी बादली मिळवा. अडीच बादल्या झाल्या.

काहीजण म्हणतील, आम्ही मोटर लावत नाही, टाकीचे पाणी घेतो, पण नळी टपावर नेली की धारच बारीक होते. नळीचा दोष नाही. पाण्याचा जोर उंचीवर असतो. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावाचे पाणी जालना शहरात पंपाशिवाय, केवळ उताराने आणले गेले, ते याच नियमावर. तुमची टाकी जमिनीपासून 12 फुटांवर असेल आणि टप सहा फुटांवर, तर टपापाशी फक्त सहा फुटांचा जोर उरतो. धार बारीक होणारच. पण टपाला जोर नकोच आहे. पाणी अलगद, पसरून ओतायचे आहे, आणि ते काम तांब्या चांगले करतो.

मग पोचायचे कसे? इथे थोडे थांबून ऐका, कारण माणसे पडतात ती इथेच. गाडीच्या क्लीनरला, नाहीतर घरातल्या पोराला सांगितले जाते, ‘चढ रे टपावर.’ (क्लीनर हा शब्दच गाडी पुसणाऱ्यावरून आला. आता बिचारा पुसणे सोडून बाकी सगळे करतो.) टपाचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. माणूस उभा राहिला की तो दबतो, खोलगट होतो, तिथे पाणी साचते, आणि ताणामुळे रंगाला बारीक तडे जातात. गाडीचे नुकसान एकवेळ सोसता येईल. साबणाने निसरड्या झालेल्या पत्र्यावरून अनवाणी पोरगा सहा फूट खाली आला, तर हात मोडेल का डोके फुटेल हे कुणी सांगावे? ओल्या टायरवर पाय देऊन लोंबकळणे, बॉनेटवर उभे राहणे, टपाच्या कडेला शिडी टेकवणे, यातले काहीच करू नये. गुळगुळीत कडेवरून शिडी हमखास सरकते.

टपाची मागची अर्धी बाजू हौद्यात उभे राहून आरामात धुता येते. हौद्याची फळी कोरडी असावी आणि फाळके लावलेले असावेत. पुढच्या अर्ध्या भागासाठी जमिनीवर, गाडीच्या बाजूला, चार पायांची लाकडी घोडी ठेवा. घराला चुना देताना वापरतात तीच. जमीन सपाट हवी, आणि एकाने घोडी धरून उभे राहावे. घोडी नसेल तर लांब दांडा करून घ्या. पाच-सहा फुटांचा हलका बांबू घ्यावा, टोकाला वीतभर आडवी काठी सुतळीने घट्ट बांधावी आणि तिच्यावर जुन्या सुती गोधडीचा तुकडा दोन-तीन पदरी गुंडाळावा. खिळा किंवा तार कुठेही नको, रंगावर रेघ उठते. गोणपाट आणि केरसुणीही नको.

दांडा उचलण्याआधी वर पाहा. आपल्या अंगणातून, गोठ्यावरून विजेच्या तारा किती खाली आलेल्या असतात ते काही मी सांगायला नको. लोखंडी पाइपाचा दांडा तर करूच नये, आणि ओला बांबूही वीज वाहतो हे विसरू नये. तारेखाली उभी असेल तर आधी गाडी हलवा, मग धुवा. मोटर लावणारच असाल तर तिची वायर जोड दिलेली, पट्टी गुंडाळलेली नसावी, आणि वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाला विजेचा धक्का फार जोरात बसतो.

एवढी तयारी झाली की धुण्याचे काम थोडेच आहे. गाडी सावलीत घ्या, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. मे महिन्याच्या दुपारी टपाला हात लावता येत नाही, अशा तापल्या पत्र्यावर पाणी पडताच वाळते आणि मागे क्षार सोडते. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार रंगावर पांढरे ठिपके होऊन बसतात. पावसाचे पाणी धरून ठेवलेले असेल तर शेवटची बादली त्याची घ्या, ठिपके पडत नाहीत.

पहिल्या बादलीतले पाणी मधोमध तांब्याने सोडायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. लगेच फडके फिरवले तर माती पॉलिशच्या कागदासारखी घासते. पक्ष्यांची शीट वाळली असेल तर तिच्यावर ओले फडके ठेवून ती मऊ होऊ द्यावी. ती आम्ल असते, फार दिवस राहिली तर रंगावर डाग कायमचा राहतो. माती सुटून वाहून गेली की अर्धी बादली साबण. गाडीसाठी मिळतो तो पातळ साबण चांगला. कपड्यांचा सोडा रंगाची चकाकी घालवतो. पन्हाळीत दात घासायचा जुना ब्रश फिरवा. मग दुसऱ्या बादलीने टप धुऊन काढा. टपाचे पाणी एखाद्या झाडाच्या आळ्यात गेले तरी चालेल, पण गाडीच्या पोटाखालचे ऑइल-ग्रीसचे पाणी कुंडलिकेत, दुधनेत किंवा गावच्या ओढ्यात सोडू नये. तिथे जनावरे पाणी पितात.

पुसायची एक युक्ती आहे. जुने धोतर किंवा लुगडे पाण्यात पिळून त्याचा लांब पट्टा करा. गाडीच्या एका बाजूला एकाने, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने टोक धरायचे आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तसे आळीपाळीने ओढायचे. पुढून मागे सरकत यायचे. कुणालाही वर चढावे लागत नाही, आणि टप दोन मिनिटांत कोरडा होतो. मात्र हे माती पूर्ण निघाल्यावरच.

पुसून झाले की हौद्यात उभे राहून टप नीट पाहून घ्या. रंग फुगून फोड आला असेल तर त्याच्याखाली गंज आहे असे समजावे. तेवढीच जागा पॉलिशच्या कागदाने पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासून, कोरडी करून, प्रायमर आणि रंग लावावा. रुपयाएवढा फोड असतो तेव्हा हे घरी होते, वीतभर झाल्यावर वेल्डिंगवाल्याकडे जावे लागते.

ज्यांची गाडी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ उभी असते, त्यांना पांढऱ्या टपावर नारिंगी बारीक ठिपके दिसतील. तिथे लोखंड वितळवून सळया करण्याचे कारखाने आहेत. हवेतून येणारे लोखंडाचे कण रंगावर बसतात आणि तिथेच गंजतात. हा पत्र्याचा गंज नव्हे, वेळेवर धुतल्याने बराच टळतो.

शिक्षक मित्रांनो, यातून वर्गासाठी एक प्रयोग निघतो. टपावरची कोरडी धूळ कागदावर झाडून घ्या. लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा, काळे कण चिकटतील. मुले लगेच म्हणतील, हे कारखान्याचे लोखंड. तेव्हा त्यांना शेतातली काळी माती वाळवून तिच्यावरही तेच चुंबक फिरवायला सांगा. तिथेही कण चिकटतील, कारण आपली माती काळ्या पाषाणाची झालेली आहे आणि त्या दगडातच मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते. मग धूळ कारखान्याची किती आणि शेताची किती, हे ठरवायचे कसे? एक ढीग कारखान्याजवळच्या गाडीचा, एक लांबच्या खेड्यातल्या गाडीचा आणि एक शेतातल्या मातीचा, तिन्ही सारख्या वजनाचे घेऊन मुलांनाच तोलू द्या.